भिंगामागे जोडलेले भिंग

दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनाला निघालेल्या माणसाला नीलपंखाचे दर्शन घडले तर ते शुभ मानावे, ही समजूत पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आहे. तेलंगणात या पक्ष्याला पालपिट्टा म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. मराठीत त्याचे आणखी एक नाव चास. आदिलाबादहून पश्चिमेस किनवटच्या बाजूला निघाले म्हणजे तलमडुगुचा मुलूख लागतो. हा मुलूख काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि तेलुगू, मराठी व गोंडी या तिन्ही भाषा कानी पडणारा. तेथे बांधावरच्या बाभळीवर नाही तर विजेच्या तारेवर हा पक्षी हमखास आढळतो. बसलेला असताना त्याचा रंग काहीसा मातकट भासतो. पण किडा टिपण्यासाठी त्याने झेप घेतली आणि पंख उलगडले, की निळाईच्या दोन छटा एकाएकी झळकून जातात. दर्शनासाठी त्याला पकडून पिंजऱ्यात कोंडण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याचे छायाचित्र घेण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही. अडचण एवढीच की तो मनुष्याला फार जवळ येऊ देत नाही.

हे अंतर तीस मीटर आहे असे धरू. पक्ष्याची लांबी सुमारे तीस सेंटिमीटर. छायाचित्रकाराजवळ ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे दूरवेधी भिंग आहे. एवढ्या माहितीवरून कॅमेऱ्यातील संवेदकावर, म्हणजे पूर्वी जेथे फिल्म असे त्या जागी, पक्ष्याची प्रतिमा किती मोठी उमटेल ते शाळकरी मुलालाही काढता येईल. ४०० मिलिमीटर हा तीस मीटरचा पंच्याहत्तरावा भाग. म्हणून पक्षीही पंच्याहत्तर पटींनी लहान होऊन उमटणार, अर्थात चार मिलिमीटरांचा. पूर्णाकार संवेदकाची उंची चोवीस मिलिमीटर असते. चौकटीच्या उंचीचा जेमतेम सहावा हिस्सा पक्ष्याने व्यापला आणि बाकी सारे आकाशाला गेले, असा त्याचा अर्थ. ४०० मिलिमीटरांचे भिंग हातात घेतले म्हणजे पाखरू चौकटीत मावणार नाही अशी ज्यांची कल्पना असते, त्यांचा पहिला हिरमोड येथे होतो.

या अडचणीवर तीन उपाय संभवतात. पुढे पाऊल टाकावे. अधिक मोठे भिंग विकत घ्यावे. किंवा कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये एक आखूड नळकांडे बसवावे. या नळकांड्याला टेलिकन्व्हर्टर म्हणतात. बोलताना छायाचित्रकार नुसते कन्व्हर्टर किंवा टीसी म्हणून मोकळे होतात. ते बहुधा १.४ पट किंवा दुप्पट असते. पहिल्याने ४०० मिलिमीटरांचे भिंग ५६० मिलिमीटरांचे होते, दुसऱ्याने ८०० चे. मुठीत मावणारी ही वस्तू मोठ्या भिंगाच्या किमतीच्या मानाने पुष्कळच स्वस्त असल्यामुळे तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु भिंगाची लांबी अशी अल्प मोलात वाढते तेव्हा तिचा मोबदला कोठेतरी चुकवावा लागतो, आणि आजच्या कॅमेऱ्यात तो मुख्यत्वे स्वयंचलित फोकसच्या, म्हणजे ऑटोफोकसच्या, खात्यावर पडतो.

कल्पना मुळीच नवी नाही. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८३० नंतरच्या दशकात खगोलीय दुर्बिणीसाठी एक अंतर्गोल भिंग सुचविले. वस्तुभिंगातून एका बिंदूकडे मिटत येणारे किरण या भिंगाने किंचित विस्फारतात, ते मिळण्याचा बिंदू मागे सरतो आणि प्रतिमा मोठी होते. बार्लोचे भिंग दुर्बीणवाले आजही त्याच नावाने ओळखतात. १८९१ मध्ये इंग्लंडात डालमायर यांनी छायाचित्रणासाठी दूरवेधी भिंग सिद्ध केले, त्यातही पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल हाच मेळ होता. टेलिकन्व्हर्टर म्हणजे तोच मागचा अंतर्गोल भाग सुटा करून, वर्णदोष आवरण्यासाठी त्यात आणखी काही भिंगे घालून केलेली वस्तू होय.

आता मोबदल्याचा हिशेब. भिंगाची प्रकाश घेण्याची शक्ती ज्या आकड्याने सांगतात तो एफ-अंक. नाभीय अंतराला भिंगाच्या प्रकाशद्वाराच्या व्यासाने भागले की तो मिळतो. ४०० मिलिमीटर आणि एफ ५.६ असे जेव्हा भिंगावर कोरलेले असते, तेव्हा त्याचे द्वार सुमारे ७१ मिलिमीटर रुंद आहे असे समजावे. मागे कन्व्हर्टर जोडल्याने समोरची काच काही रुंदावत नाही. द्वार तेच ७१ मिलिमीटरांचे राहते आणि नाभीय अंतर मात्र ५६० होते. भागाकार येतो एफ ८. दुप्पट कन्व्हर्टर असेल तर एफ ११. जेवढा प्रकाश पूर्वी आत येत होता तेवढाच आताही येतो, पण तो अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरावा लागतो. एका वाटीतली कढी ताटभर पसरली तर ती पातळ दिसणारच. १.४ पटीला प्रकाश निम्मा होतो, दुपटीला चौथाई. छायाचित्रकारांच्या भाषेत पहिल्याने एक स्टॉप जातो, दुसऱ्याने दोन.

प्रकाश कमी झाला तर शटर अधिक वेळ उघडे ठेवावे आणि भरपाई करावी, असे कोणी म्हणेल. तेथेही अडचण आहे. हाताचा कंपही प्रतिमेइतकाच मोठा होत असल्याने शटर उलट अधिक वेगाने मिटावयास हवे. जुना ठोकताळा असा की सेकंदाचा जितकावा भाग तितके मिलिमीटर: ४०० ला एक चारशेंश, ८०० ला एक आठशेंश. सकाळच्या कोवळ्या उन्हात एफ ५.६ ला एक चारशेंश सेकंद पुरत असेल, तर दुप्पट कन्व्हर्टर जोडताच प्रकाशाला एक शतांश सेकंद हवा आणि हाताला एक आठशेंश. दोन्हींतील तफावत आठपटीची आहे. ती भरून काढण्यासाठी संवेदकाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ४०० वरून ३२०० वर न्यावी लागते आणि चित्रात कण दिसू लागतात. भिंगातील कंपनिवारक यंत्रणा हाताच्या कंपाला बरीच आवरते, हे खरे. पण मान वळविणाऱ्या पक्ष्याला ती आवरू शकत नाही.

तथापि आयएसओ वाढविणे हे निदान छायाचित्रकाराच्या हातचे आहे. ऑटोफोकसचे तसे नाही. तेथे कॅमेरा स्वतःच निर्णय घेतो, आणि तो कसा घेतो हे ठाऊक नसेल तर कन्व्हर्टर बसविल्यावर आपला कॅमेरा बिघडला अशी समजूत होऊन माणूस दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढतो.

मनुष्याला अंतराचा अंदाज येतो तो दोन डोळ्यांमुळे. हात लांब करून अंगठा धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. पाठीमागच्या झाडासमोरून अंगठा इकडून तिकडे उडी मारताना दिसतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा कॅमेरा बाजारात आला तेव्हापासून आरशाच्या कॅमेऱ्यांतील ऑटोफोकस याच तत्त्वावर चालत आला. भिंगाच्या डाव्या कडेने आलेले किरण आणि उजव्या कडेने आलेले किरण यांच्या दोन निराळ्या प्रतिमा कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या एका लहानशा संवेदकावर पाडतात. फोकस अचूक असेल तर दोन प्रतिमांमधील अंतर ठरलेले असते. चुकलेला असेल तर त्या परस्परांजवळ येतात किंवा दूर जातात. किती सरकल्या यावरून भिंग किती फिरवावयाचे ते कळते आणि कोणत्या बाजूस सरकल्या यावरून कोणीकडे फिरवावयाचे तेही. या पद्धतीचा वेग त्यातच आहे. कॅमेऱ्याला चाचपडावे लागत नाही. त्याला एका दृष्टिक्षेपात उत्तर मिळते.

आता हे दोन डोळे जितके एकमेकांपासून दूर, तितके मोजमाप बारीक. म्हणून कॅमेरा बनविणाऱ्यांनी ते शक्य तितके भिंगाच्या कडेकडे ठेवले, परंतु सर्व भिंगे सारखी रुंद नसल्यामुळे कोठेतरी मर्यादा घालणे प्राप्त होते. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही मर्यादा एफ ५.६ ची ठेवण्यात आली. एफ ५.६ च्या भिंगातून येणाऱ्या प्रकाशाच्या शंकूची जी कड, तिच्या किंचित आत हे दोन डोळे बसविलेले असतात. कन्व्हर्टरने भिंग एफ ८ चे झाले की हा शंकू निमुळता होतो आणि त्याची कड डोळ्यांच्या आत येते. अर्धवट ओढलेल्या पडद्याआडून पाहावे तशी कॅमेऱ्याची गत होते. दोन्ही प्रतिमा अंधुक आणि कातरलेल्या मिळतात. त्यांची तुलना कशी करावी हे त्याला उमगत नाही. यास्तव बहुतेक कॅमेरे अशा वेळी ऑटोफोकस सरळ बंद करतात. तो बिघाड नव्हे.

पुढे काही कॅमेऱ्यांत एफ ८ पर्यंत पाहणारे बिंदू देण्यात आले. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ मध्ये असा बिंदू एकच होता आणि तो मध्यावर. २०१६ च्या निकॉन डी५०० मध्ये १५३ पैकी १५ बिंदू एफ ८ ला चालत. यातील व्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याने १.४ पट कन्व्हर्टर जोडला त्याला चौकटीच्या मध्याशीच फोकस घ्यावा लागे, मग पक्षी उडत असला आणि त्याच्यापुढे मोकळी जागा सोडण्याची इच्छा असली तरीही.

काही चतुर लोकांनी एक युक्ती काढली होती. भिंग आणि कॅमेरा यांच्यात निरोपांची देवघेव होते ती मागच्या कडीवरील सोनेरी ठिपक्यांतून. त्यांतील ठराविक ठिपक्यांवर चिकटपट्टी लावली की मध्ये कन्व्हर्टर आहे हे कॅमेऱ्याला कळत नसे आणि एफ ५.६ चे भिंग आहे अशा समजुतीने तो फोकस शोधू लागे. भर उन्हात, ठळक रंगाच्या वस्तूवर हे जमूनही जाई. सावलीत मात्र भिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघरत फिरे आणि कोठेच स्थिरावत नसे. चिकटपट्टीने कॅमेऱ्याची समजूत बदलली, प्रकाशाचा शंकू होता तितकाच राहिला.

जेथे ऑटोफोकस चालू राहतो तेथेही तो मंदावतो. कॅननच्या ईएफ पद्धतीत १.४ पट कन्व्हर्टर असता फोकसचा वेग निम्मा आणि दुपटीस चौथाई करण्याची योजना होती. ही केवळ असहायता नव्हती. कन्व्हर्टरने प्रतिमेबरोबर फोकसमधील चूकही वाढते; पूर्वी खपून जाणारी लहानशी हालचाल आता डोळ्यांत खुपते. म्हणून भिंगाने लहान लहान पावलांनी चालणे श्रेयस्कर. अरुंद गल्लीतून बैलगाडी काढणारा मनुष्य कासरा आवळून धरतो, तसेच हे आहे. तारेवर बसलेल्या नीलपंखाला या मंदपणाने काही फरक पडत नाही. तारेवरून सुटलेल्या नीलपंखाला पडतो.

एवढे ऐकल्यावर झूम भिंगाचा प्रश्न घ्यावयास हरकत नाही, कारण हौशी लोकांच्या खांद्यावर बहुधा झूमच असते. झूम भिंगाची सोय अशी की जवळचे आणि दूरचे दोन्ही एकाच भिंगात साधते. आता १०० ते ४०० मिलिमीटरांच्या झूमला १.४ पट कन्व्हर्टर जोडला. तो १४० ते ५६० चा झाला. यांतील १४० पासून ४०० पर्यंतचा सारा पल्ला त्या भिंगात मुळातच होता, आणि तोही अधिक प्रकाशासह. कन्व्हर्टरने जे नवे दिले ते ४०० च्या पुढचे. म्हणजे कन्व्हर्टर उपयोगी पडतो तो झूमच्या केवळ लांब टोकाला. आणि बहुतेक झूम भिंगांची प्रतिमा लांब टोकालाच थोडी मऊ पडते, तेथेच त्यांचा एफ-अंकही बहुधा सर्वांत मोठा असतो. भिंगाचे जे अंग दुबळे, नेमके त्याच अंगावर कन्व्हर्टर भार टाकतो. १५० ते ६०० मिलिमीटरांची जी झूम भिंगे सिग्मा आणि टॅमरॉन यांनी लोकप्रिय केली ती लांब टोकाला एफ ६.३ ची आहेत, १.४ पट जोडणीने ती एफ ९ ची होतात आणि एफ ८ पर्यंतच पाहणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्याच्या हाताबाहेर जातात. ८४० मिलिमीटर हा आकडा कागदावर भारदस्त दिसतो एवढेच.

याला एक सन्मान्य अपवाद आहे: ७० ते २०० मिलिमीटरांचे एफ २.८ चे झूम. लग्नसमारंभाचे काम करणाऱ्या व्यावसायिकाचे ते आवडते भिंग. त्याला दुप्पट कन्व्हर्टर लावला तरी ते ४०० मिलिमीटरांचे, एफ ५.६ चे भिंग होते आणि ऑटोफोकसची मर्यादा पाळली जाते. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणाऱ्या ज्या माणसाला लग्नसराई सरल्यावर पाखरांचा छंद जोपासावयाचा असेल, त्याने दुसरे भिंग घेण्याच्या आधी या मार्गाचा विचार करावा. निराळ्या ४०० मिलिमीटर भिंगाची सर त्याला येणार नाही, पण जे भिंग पोट भरते तेच छंदही पुरवू शकेल.

दुसरी गोष्ट यंत्राच्या जोडणीची. कन्व्हर्टरचे पुढचे भिंग पुष्कळदा बाहेर आलेले असते आणि ते मुख्य भिंगाच्या मागच्या पोकळीत शिरते. ज्या झूमची मागची काच अगदी काठाशी आहे त्यात ते शिरूच शकत नाही. जोर केला तर दोन्ही काचांना धोका. कॅननच्या २०२० साली आलेल्या आरएफ १०० ते ५०० मिलिमीटर झूमचे उदाहरण बोलके आहे. त्याला त्याच कंपनीचा कन्व्हर्टर चालतो, परंतु झूम ३०० च्या पुढे नेल्यावरच तो बसतो आणि बसविल्यावर भिंग ३०० च्या खाली आणता येत नाही. १.४ पटीला जो पल्ला मिळतो तो ४२० ते ७०० चा. समोर अवचित एखादे जनावर जवळ आले तर भिंग आवरून त्याला चौकटीत घेण्याची सोय उरत नाही. आणि ते न आवरलेले लांबडे भिंग पिशवीत कसे ठेवावे हा प्रश्न निराळाच. खरेदीपूर्वी आपले भिंग कोणता कन्व्हर्टर मानते याची कंपनीची यादी पाहणे हाच शहाणपणा.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी या सर्व चर्चेचा रोख पालटला आहे, हे नमूद करणे अवश्य आहे. त्यांत फोकससाठी निराळा संवेदक नाही. ज्या संवेदकावर चित्र उमटते त्याच्याच असंख्य ठिपक्यांपैकी काही, किंवा सर्वच, डावा-उजवा भेद ओळखतील असे बनविलेले असतात. येथे डोळे एफ ५.६ च्या कडेला खिळलेले नसल्याने मर्यादा पुष्कळ खाली गेली: काही कॅमेऱ्यांत एफ ११, तर काहींत एफ २२ पर्यंत. एफ ९ च्या झूमला दुप्पट कन्व्हर्टर लावून एफ १८ ला फोकस घेणे आरशाच्या कॅमेऱ्यात कल्पनेतही आले नसते; आता ते घडते. शिवाय चित्र आणि फोकस एकाच पृष्ठावर मोजले जात असल्याने आरशाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक जोडणीसाठी जे बारीक समायोजन करावे लागे, त्याचीही गरज राहिली नाही. २०२० च्या सुमारास पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावरच फोकस धरणारे कॅमेरे आले आणि काम आणखी सुकर झाले. परंतु निमुळता शंकू निमुळताच राहतो. दोन डोळे जवळ आले की मोजमाप भरड होते, प्रकाश मंद असला तर प्रतिमेत धरण्यासारखी कड सापडत नाही, आणि कॅमेरा कितीही नवा असला तरी संध्याकाळी साडेसहाला एफ १४ वर तो घुटमळतो.

कड न सापडण्याचे हे प्रकरण आदिलाबादच्या प्रदेशात विशेष जाणवते. तेलंगणात हिवाळ्याचा कडाका सर्वांत अधिक याच भागात असतो. थंडीच्या दिवसांत सकाळी धुके शेतांवर रेंगाळते आणि त्यात बसलेला राखी पक्षी पार्श्वभूमीपासून निराळा दिसत नाही. मनुष्याला तो दिसतो, कारण तेथे पक्षी आहे हे त्याला माहीत असते. ऑटोफोकसला केवळ उजेड-अंधाराची सीमारेषा समजते. अशा वेळी फोकस-बिंदू पक्ष्याच्या पोटावर न ठेवता चोचीवर, डोळ्यावर, किंवा तो ज्या फांदीवर बसला आहे तिच्या कडेवर ठेवावा. भिंगावर फोकसचा पल्ला मर्यादित करणारी कळ असेल तर ती दूरच्या पल्ल्यावर करावी, म्हणजे चुकल्यावर भिंग जवळच्या टोकापर्यंत व्यर्थ फेरी मारणार नाही. उन्हाळ्यात संकट उलटे. एप्रिल-मे महिन्यांत काळी जमीन तापली की नऊ-दहाच्या पुढे जमिनीलगतची हवा थरथरू लागते. या थरथरत्या हवेतून घेतलेले चित्र कोणत्याही भिंगाने स्वच्छ येत नाही, आणि कन्व्हर्टर तर पक्ष्याइतकेच मृगजळही मोठे करतो. त्यावर भिंगाच्या दुकानात औषध नाही. पहाटे लवकर जाणे एवढेच आहे.

मग कन्व्हर्टर न लावता चित्र घ्यावे आणि मागाहून कापून मोठे करावे, हे काय वाईट? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कॅमेऱ्यानुसार बदलते. चोवीस दशलक्ष ठिपक्यांच्या पूर्णाकार संवेदकावर चोवीस मिलिमीटरांत चार हजार ठिपके असतात. आपला चार मिलिमीटरांचा नीलपंख त्यांतील सुमारे ६७० ठिपके व्यापतो; १.४ पट कन्व्हर्टरने ९३०, दुपटीने १३३०. पिसांच्या रेघा ६७० ठिपक्यांत मावत नसतील तर कन्व्हर्टरने खरोखर नवे काही मिळते. पण लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात तेवढेच ठिपके दाटीने बसविलेले असतात. तेथे भिंगाला जितके दिसते तितके ठिपक्यांनी आधीच टिपलेले असते आणि कन्व्हर्टर केवळ धूसरपणा मोठा करतो. शेवटी किती तपशील दिसावा हे समोरच्या ७१ मिलिमीटरांच्या द्वाराने ठरते. प्रकाशलहरींच्या स्वभावानेच एफ ५.६ ला बिंदूची प्रतिमा सुमारे साडेसात मायक्रॉन रुंद पडते, एफ ११ ला पंधरा. एक ठिपका सहा मायक्रॉनांचा असेल तर दुपटीला एकच बिंदू अडीच ठिपके रुंद होतो. यास्तव १.४ पट कन्व्हर्टर हा बहुतेक झूम भिंगांना साजेसा, आणि दुप्पट हा एफ २.८ किंवा एफ ४ च्या भिंगांसाठी राखून ठेवावा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे सगळे गणित कोणासाठी, असे कोणी विचारील. तलमडुगुच्या उत्तरेस पैनगंगा आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे वाढत्या वाघांना अपुरेच. तेथील वाघ नदी ओलांडून आदिलाबादच्या सीमेवरील मंडलांत उतरतात. २०१९ साली टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओपट्टा घातलेला एक तरुण वाघ जूनमध्ये बाहेर पडला आणि आदिलाबादच्या रानांतून, शेताशिवारांतून भटकत डिसेंबरात थेट बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची सगळी पायपीट सुमारे तीन हजार किलोमीटरांची भरली. पट्टा नसलेल्या वाघाची ओळख पटते ती अंगावरच्या पट्ट्यांवरून. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून कुशीवरचे पट्टे स्पष्ट दाखविणारे एखादे छायाचित्र वनखात्याला सौंदर्याच्या दृष्टीने नव्हे, पण कामाच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

१९३१ मध्ये सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली, त्या काळी पाखराची ओळख निश्चित करावयाची तर नमुना बंदुकीनेच मिळवावा लागे. आज तेच काम दुरून, पाखराला न कळत, भिंगाने होते. मात्र भिंग पुरेनासे झाले की पाय पुढे पडतात. अभयारण्यात त्याला आळा आहे: व्याघ्रप्रकल्पांतील पर्यटनासाठी केंद्राने २०१२ मध्ये जे नियम घालून दिले त्यांनुसार वाहनाने वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर राखावयाचे असते. कापसाच्या शेतात असा पहारा नाही. वेचणीचे दिवस, स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम आणि छायाचित्राला पोषक असा तिरपा प्रकाश हे तिन्ही एकाच ऋतूत येतात. आणि त्याच ऋतूत, २०२० च्या नोव्हेंबरात, शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दोन जण प्राणास मुकले. त्यांतील एक मुलगी कापूस वेचत होती. कमरेएवढ्या कपाशीत वाघ कोठे दडला आहे हे ४०० मिलिमीटरांतूनही दिसत नाही आणि ८०० मधूनही. तेथे कन्व्हर्टर जोडूनही पक्षी लहानच दिसत असेल तर चित्र तसेच लहान घ्यावे.

नीलपंखाच्या ढोलीपाशीही तेच. मार्च ते जून हा त्याच्या विणीचा काळ. ढोलीसमोर माणूस उभा राहिला तर चोचीत किडा धरलेला पक्षी तारेवर ताटकळत राहतो आणि आत पिले उपाशी राहतात. चाळीस-पन्नास मीटरांवर बसून, तांदळाची किंवा वाटाण्याची पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे, कन्व्हर्टर लावावा, ढोलीच्या तोंडावर आधीच फोकस घेऊन ऑटोफोकस बंद करावा आणि वाट पाहावी. पक्षी त्याच जागी येणार हे ठाऊक असल्याने कॅमेऱ्याच्या मंदपणाचा प्रश्नच उरत नाही. उडता पक्षी हवा असेल तर मात्र कन्व्हर्टर काढून ठेवणे चांगले.

तो काढताना आणि बसविताना एक काळजी घ्यावी. कापसाच्या दिवसांत गाड्यांच्या चाकांनी उडालेली काळी धूळ आणि कपाशीचे तंतू हवेत असतात. कॅमेरा उघडा पडला की ते संवेदकावर चिकटतात आणि एफ ११ ला आकाशाच्या निळ्या भागात काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतात. अदलाबदल गाडीच्या आत, काचा वर करून, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवून करावी, आणि कन्व्हर्टरची दोन्ही झाकणे खिशात न कोंबता एकमेकांना लावून पिशवीत टाकावीत.